धान्याविना ब्रेड आणि महालातल्या काकूंचं पोट

काकूंचा पहिला फोन आला तो ब्रेड मागवायला नव्हे, ब्रेडची तक्रार करायला. ब्रेड माझा नव्हता. दुसरीकडून ऑनलाइन मागवलेला, पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'ग्रेन-फ्री' छापलेला आणि चांगलाच महागडा होता तो. "गहू नाही, तांदूळ नाही, ज्वारी नाही, मका नाही. मग पोट फुगून राहिलं काहून, सांग बरं?" वर्ग गप्प करायची सवय असलेला आवाज होता, मला लगेच उत्तर देणं भाग पडल्यासारखं झालं.

मी नागपुरात, प्रतापनगरात घरूनच बेकिंग करते. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठीचे ब्रेड, पाव, केक हेच मुख्य काम. धान्यच नको म्हणणारी गिऱ्हाइकं अलीकडे वाढली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नेमकं काय टाळायचंय हे ठाऊक नसतं. काकूंचं प्रकरण त्यांच्या परवानगीने, नाव-गाव झाकून, सविस्तर लिहिते आहे.

काकूंचं वय ५८, घर नागपूरच्याच महाल भागात, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. काही वर्षांपासून त्रास असा, की सकाळी सगळं ठीक आणि संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं. कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस पोट साफच नाही. भिशीतल्या कुणीतरी गहू सोडायला सांगितलं. सोडला, थोडं बरं वाटलं. मग वाटलं, गव्हाने एवढा फरक पडतो तर सगळीच धान्यं सोडावीत. भात गेला, भाकरी गेली. उरलं काय, तर भगर, साबुदाणा, फळं आणि हा महागडा ब्रेड. वजन उतरलं होतं, चेहरा ओढलेला दिसत होता.

इथेच पहिला धागा हाती लागला. उपवासाला चालते म्हणून भगर धान्यात येत नाही, असं काकूंचं मत. धर्मशास्त्राच्या हिशेबाने ठीक. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने भगर, म्हणजे वरीचे तांदूळ, हे गवताच्या कुळातलं चोख धान्य आहे. म्हणजे काकू महिनोन्महिने एक धान्य रोज खात होत्या आणि त्याने त्यांना काहीही होत नव्हतं. धान्य मात्र बदनाम झालं होतं.

पाकिटाची मागची बाजू

मी पाकीट घेऊन यायला सांगितलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे यादी वरून खाली वाचली की अर्धं काम होतं. बदामाचं पीठ, अंडी, नारळाचं पीठ, चिकोरी मुळाचं फायबर, मध, सफरचंदाचा गर, व्हिनेगर, सोडा, मीठ. धान्याचा कण नाही, हे खरं.

आता यातलं एकेक घ्या. चिकोरीच्या मुळापासून काढलेलं फायबर म्हणजे इन्युलिन. इन्युलिन हा फ्रुक्टान या वर्गातला पदार्थ. आणि गव्हात आयबीएसच्या, म्हणजे तपासण्या साफ असूनही फुगणाऱ्या-दुखणाऱ्या हळव्या आतड्याच्या, पोटाला जे बहुतेक वेळा छळतं, ते ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन नव्हे, हेच फ्रुक्टान. माणसाच्या लहान आतड्यात फ्रुक्टान तोडणारं एन्झाइम नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जंतू त्यावर ताव मारतात, वायू तयार होतो. हे तुमच्या-माझ्याही पोटात होतं. फरक एवढाच, की आतडं हळवं असेल तर तेवढ्याच वायूने ताण बसतो आणि दुखतं. काकूंनी गहू पुढच्या दाराने घालवला होता, आणि त्यातला त्रासदायक भाग मागच्या दाराने, 'फायबर' अशी पाटी लावून, घरात आला होता.

मध आणि सफरचंद या दोन्हींत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, आणि सफरचंदात वर सॉर्बिटॉल. तेही याच पंगतीतले. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा आंबणाऱ्या लहान साखरांच्या सगळ्या गोतावळ्याला २००५ मध्ये 'फॉडमॅप' असं नाव दिलं. त्यांच्याच मोजणीत दहाएक बदाम निभावून जातात, विसाच्या घरात गेले की जड. आणि ब्रेडचा पहिला घटकच बदाम असेल, तर दोन जाड स्लाइसमध्ये किती बदाम जात असतील याचा अंदाज करायला पाकिटाची गरज नाही.

मग आधी डॉक्टर

काकूंना ऑर्डर हवी होती, मी नाही म्हटलं. पन्नाशीनंतर सुरू झालेला पोटाचा त्रास आणि उतरलेलं वजन ही ब्रेडवालीने सोडवायची गोष्ट नाही. त्या म्हणाल्या, तपासणी झालीय, सिलिॲक नाही असं निघालंय. रिपोर्ट पाहिला तर टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी निगेटिव्ह. तारीख पाहिली तर गहू सोडून बरेच महिने झाल्यानंतरची.

ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते आणि दर वेळी चीड येते. सिलिॲकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं आणि रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात. गहू बंद केला की ती हळूहळू ओसरतात. म्हणजे गहू सोडून केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावरून सिलिॲक नाही असं म्हणता येत नाही. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम आपल्याकडे सर्रास उलटा होतो.

पोटाच्या डॉक्टरांसमोर दोन वाटा होत्या. काही आठवडे रोज गहू खाऊन पुन्हा तपासायचं, किंवा एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं आहेत का ते बघायचं. जनुकांना तुम्ही काय खाता याचं देणंघेणं नसतं. ती दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद. असतील तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ती असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात. काकूंची दोन्ही निगेटिव्ह आली. कोलोनोस्कोपी, थायरॉइड, रक्त सगळं साफ. निदान झालं आयबीएस, आणि प्रकरण आहारतज्ज्ञ ताईंकडे आलं. त्यांनी मला फोन करून सांगितलं, की ठरावीक आठवडे फॉडमॅप कमी, मग एकेक पदार्थ परत. तेवढ्या काळापुरता सकाळच्या चहासोबत खाता येईल असा ब्रेड करून दे. काकूंना भाकरी चालली असती का? चालली असती. ज्वारीत ग्लुटेन नाही आणि बेताच्या प्रमाणात फॉडमॅपही कमी. पण काकू तेव्हा धान्याच्या नावानेच दचकत होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला भाकरी खाऊ घातली तर भाकरीनेही पोट दुखतं. ताईंचा हा निर्णय मला पटला.

सगळ्याच धान्यांना दोषी धरण्याची खोड जुनी आहे. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी १९२४ मध्ये सिलिॲकच्या मुलांना केळ्यांवर ठेवून बरं केलं आणि स्टार्चवरच संशय धरला. त्यांच्या त्या पथ्याच्या वंशातलेच आजचे बदामाचे धान्यमुक्त ब्रेड. गुन्हेगार गहू आहे हे हॉलंडच्या डॉ. विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडलं, तोवर केळ्यांचं बस्तान बसलेलं होतं.

सिलिॲक नाही हे कळल्याने माझ्या कामात मोठा फरक पडला. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कणकेत साधारण दहा टक्के ग्लुटेन धरा. एक किलो पिठात एक ग्रॅम कणीक मिसळली तरी १०० मिलिग्रॅम होतं, मर्यादेच्या पाचपट. चक्कीवर गव्हानंतर दळलेलं कुठलंच पीठ सिलिॲकला चालत नाही ते यामुळे, आणि अशा गिऱ्हाइकांसाठी मी सगळं घरच्या वेगळ्या यंत्रावर दळते. काकूंना एवढ्याशा कणकेने काही होणार नव्हतं. चक्कीवाल्या भाऊंना एवढंच सांगितलं, की आधी मूठभर शिंगाडाच टाकून दगड साफ करा आणि ते पीठ बाजूला ठेवा.

शिंगाडा

हो, शिंगाडा. बदामाच्या जागी मुख्य पीठ कोणतं घ्यायचं हा प्रश्न नागपुरात फार वेळ पडत नाही. भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढिवर मंडळी शिंगाडा लावतात. दिवाळीच्या सुमारास उकडलेले शिंगाडे हातगाड्यांवर येतात आणि वाळवलेले इतवारीत वर्षभर मिळतात. ते आणून दळून घेतलेलं पीठ आणि तयार पाकिटातलं पीठ यांच्या वासातच फरक कळतो.

पण एक सावधगिरी. परदेशी फॉडमॅप याद्यांमध्ये 'वॉटर चेस्टनट' सापडतो आणि लोक त्यावर बोट ठेवून शिंगाडा खुशाल खातात. तो चिनी स्वयंपाकातला, एलिओकॅरिस नावाच्या, नागरमोथ्याच्या कुळातल्या वनस्पतीचा कंद आहे. आपला शिंगाडा म्हणजे ट्रापा. पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ. दोघांचं इंग्रजी नाव सारखं, नातं काहीच नाही. म्हणून ब्रेडच्या आधी काकूंनी काही सकाळी नुसती शिंगाड्याची पातळ लापशी खाल्ली, दूध न घालता. पोट गप्प राहिलं, तेव्हाच मी टिन काढला.

ब्रेडचं गणित असं. गव्हाच्या ब्रेडमध्ये ग्लुटेनची जाळी वायू धरून ठेवते. ती नसेल तर ते काम वाटून द्यावं लागतं: अंड्यांतली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन सांगाडा बनतात, शिंगाडा आणि साबुदाण्याचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो, आणि इसबगोल त्या सगळ्याला ओव्हनमध्ये जाईपर्यंत बांधून ठेवतो. इसबगोलही फायबरच, पण चिकोरीसारखं झपाट्याने आंबत नाही, म्हणून आयबीएसला डॉक्टर स्वतःहून सुचवतात. एकाच शब्दाखाली पाकिटावर दोन्ही छापतात, हे ग्राहकाच्या दृष्टीने वाईटच.

ज्यावर गाडी स्थिरावली ते प्रमाण: शिंगाड्याचं पीठ १२० ग्रॅम, मिक्सरमध्ये बारीक करून चाळलेला साबुदाणा ६० ग्रॅम, बदामाचं पीठ ६० ग्रॅम, ताजं दळलेलं जवस २० ग्रॅम, इसबगोल १५ ग्रॅम, मीठ एक लहान चमचा. ओलं म्हणाल तर तीन अंडी, १८० मिली पाणी, २५ मिली तेल. बदाम पूर्ण काढला तर ब्रेड रबरासारखा ओढला जातो. तेवढा ठेवला की खुसखुशीत तुटतो. चौदा काप धरले तर एका कापात चार-पाच ग्रॅम बदाम, म्हणजे तीन-चार दाणे. हा हिशेब ताईंनी स्वतः तपासून घेतला.

सोडा आणि लिंबू अगदी शेवटी. बेकिंग पावडर मी टाळते, कारण तिच्यात बहुधा मक्याचा स्टार्च असतो. काकूंना त्याने काही झालं नसतं, पण धान्याविना म्हणून विकायचं तर पुरतं धान्याविना असावं. अर्धा चमचा सोड्याला दोन मोठे चमचे लिंबाचा रस. लिंबू कमी पडलं की उरलेला सोडा ब्रेडला साबणासारखी चव देतो आणि आतला भाग पिवळट काळपट होतो. (बदाम परवडत नाही म्हणून सूर्यफुलाच्या बिया दळून घालणाऱ्यांसाठी: सोड्याशी गाठ पडली की दुसऱ्या दिवशी ब्रेड हिरवा दिसतो. बुरशी नसते ती, बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लाची करामत असते. गिऱ्हाईक मात्र ऐकून घेत नाही.)

कोरडं आणि ओलं एकत्र करून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. सुरुवातीला भज्याच्या पिठासारखं सैल दिसतं, मग इसबगोल पाणी ओढून घेतो आणि चमचा उभा राहील इतकं घट्ट होतं. या टप्प्यावर हात शिवशिवतो, वाटतं पाणी घालावं. घालू नये. जास्तीचं पाणी बेक होताना वर जात नाही, तळाशी बसतं, आणि कापल्यावर बुडाला बोटभर उंचीची चिकट, ओली, राखाडी पट्टी दिसते. सुरीला लागलेला तो थर पुसूनही जात नाही. सोडा-लिंबू घातल्यावर भराभर फेटून टिनमध्ये, वरून ओल्या हाताने सपाट, आणि तडक १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये. पन्नास-पंचावन्न मिनिटं. घड्याळापेक्षा थर्मामीटर खरा: मधोमध ९६ अंश भरले की बाहेर. वरची साल त्याच्या कितीतरी आधी छान तांबूस होते आणि फसवते.

आणि गार होईपर्यंत कापायचा नाही. शिंगाड्याचा स्टार्च गरम असताना अजून डिंकासारखा असतो, थंड होताना तो घट्ट धरतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा 'गार' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. जाळीवर ठेवून पंख्याखाली दोन-तीन तास तरी. कूलरसमोर ठेवू नये. खसातून येणारी दमट हवा सालीला लागली की दुसऱ्या दिवशी बुरशी. त्याच कारणाने ब्रेड ओट्यावर राहत नाही: काप करून फ्रीझरमध्ये, हवा तेवढा काढून तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकायचा. बदामाचं पीठ आणि जवसही उन्हाळ्यात फ्रीझरमध्येच, नाहीतर खवट होतं.

काकूंची वही

ताईंनी काकूंना रोजचं खाणं आणि पोटाची स्थिती लिहायला सांगितली होती. निवृत्त शिक्षिका ती. रेघा मारून, लाल-निळ्या शाईत तक्ता. खाणं, वेळ, फुगणं शून्य ते दहा, शेरा. पहिल्या आठवड्यात आकडे सात-आठवरून तीनवर उतरले. सगळे खूश. दुसऱ्या आठवड्याच्या मधोमध पुन्हा सात.

काकूंचा फोन आला, "तुझ्या ब्रेडनंही फुगलं बापा." मी वहीचा फोटो मागवला. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी न्याहारीच्या रकान्यात ब्रेडपुढे अधिकचं चिन्ह आणि एकच शब्द: चटणी. जवसाची चटणी. विदर्भातली जवसाची चटणी लसणाशिवाय होत नाही, आणि काकूंच्या घरी ती लसणाच्या सढळ हाताने होते. नुसता ब्रेड मिळमिळीत लागतो म्हणून त्यांनी तेलात कालवून त्यावर फासली होती. लसूण म्हणजे फ्रुक्टानचं कोठार. गव्हापेक्षा किती पटींनी जास्त! ज्या पदार्थासाठी एवढा उपद्व्याप चालला होता तो ब्रेडवर चमचाभर बसला होता.

लसूण सोड असं विदर्भातल्या माणसाला सांगणं सोपं नाही. पण इथे रसायनशास्त्र मदतीला येतं: फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर तांबूस होईतो परतायच्या आणि सगळ्या काढून टाकायच्या. तेलात वास-चव येते, फ्रुक्टान पाकळ्यांबरोबर बाहेर जातं. जवस भाजून, तिखट-मीठ घालून कुटायचं आणि खाताना त्यावर हे तेल. काकूंनी चाखून पाहिलं आणि "अर्धीच चटणी झाली" असा शेरा मारला, पण खाऊ लागल्या. आकडा पुन्हा तीनवर, मग दोनवर. (हे तेल करून बाहेर साठवू नये, लागेल तेवढंच ताजं करावं. तेलात बुडालेल्या लसणात हवा न लागल्याने बोट्युलिझमचा जंतू वाढू शकतो.)

तर्री-पोह्यातले चणे आणि वडाभातावरचे डाळीचे वडे हेही वहीत सापडले. त्यांचा निकाल ताईंनी लावला, त्यात माझं काम नव्हतं.

पुढे एकेक धान्य परत आलं. भात पहिल्याच दिवशी निमूट उतरला. ज्वारीची भाकरी दोन वेळा झाली, काही नाही. गहू शेवटी: एका पोळीला पोट काही म्हणालं नाही, तीन पोळ्यांना म्हणालं. म्हणजे काकूंना गहू वर्ज्य नाही, तो बेताने हवा. आता त्या दुपारी एक पोळी खातात, रात्री भाकरी. हॉटेलात जातात. वजन परत आलंय. माझा ब्रेड महिन्याला एखादा नेतात, तो चहासोबत शेकलेला आवडतो म्हणून. धान्यमुक्त आहे म्हणून नव्हे. धंद्याच्या दृष्टीने हे गिऱ्हाईक मी अर्धं गमावलं, आणि ताईंनी त्यानंतर पाठवलेल्या मंडळींनी ते भरून काढलं.

मागच्या महिन्यात काकूंनी त्यांच्या जाऊबाईंना पाठवलं. त्यांना मधुमेह. "हिच्यासाठीही तोच ब्रेड, धान्य नाही ना त्यात, शुगर वाढणार नाही." मी तो दिला नाही. शिंगाडा आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. साबुदाण्याने साखर झरझर चढते. जाऊबाईंना बदाम-अंड्यांचा, स्टार्च जवळपास नसलेला ब्रेड करून दिला. मध, चिकोरी आणि सफरचंद वगळलं तर तो बराचसा त्या महागड्या पाकिटातल्या ब्रेडसारखाच होता, आणि त्यांच्या पोटाला त्याने काहीच झालं नाही. काकूंना मात्र त्यातला एक काप चाखायलाही मी मनाई केली, त्यावरून दोघी जावांमध्ये माझ्या ओट्यासमोरच थोडी बाचाबाची झाली.